कोणी न सांगतां : विल्यम केरी ह्यांचें चरित्र

पूर्वीं आपल्या खेड्यांत विहिरीवर मोट चालत असे. आतां ती फारशी दिसत नाहीं, तथापि मंडळींतील वडील माणसांस ती चांगली आठवते. बैल धांवेवरून खालीं उतरूं लागले म्हणजे मोट वर येई, थारोळ्यांत पाणी पडे व पाट वाहूं लागे. हांकणारा घटकाभर झाडाखालीं टेकला कीं बैल उभे, मोट उभी आणि पाट कोरडा. परंतु त्याच शिवारांत एखादा जिवंत झरा असला तर त्यास कोणी हांकावें लागत नसे. सर्व गांव निजलेला असतांहि तो वाहत असे.

माणसांचें कामहि ह्या दोन प्रकारचें असतें. कोणी वरिष्ठांच्या भयानें काम करतो, कोणी पगारासाठीं, कोणी चार लोकांत नांव व्हावें म्हणून. आणि तो दाब निघाला कीं काम थांबतें. प्रस्तुत लेखक पहिल्यानें एका लहान मंडळीचा पाळक झाला, तेव्हां तपासणीस येणाऱ्या वडील पाळकांचें पत्र आलें कीं घरोघरच्या भेटींची वही पुरी करण्याची त्याची धांदल उडे, हें त्यानें लाजेनें कबूल केलें पाहिजे. वहींत लिहिलेल्या भेटी खऱ्या होत्या, पण त्या भयानें घडलेल्या होत्या. त्याच सुमारास विल्यम केरी ह्यांचें चरित्र त्याच्या वाचनांत आलें, आणि ज्यास कोणी हांकलें नाहीं अशा मनुष्याचें काम कसें असतें हें त्यास कळूं लागलें. तें चरित्र येथें थोडक्यांत सांगतों.

केरी ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांत पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत झाला. त्याच वर्षाच्या जानेवारींत पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला होता. ह्यावरून तो काळ किती जुना हें ध्यानांत येईल. बाप एडमंड हा प्रथम विणकर होता. पुढें तो गांवच्या शाळेचा मास्तर झाला. घरीं पांच मुलें, त्यांत विल्यम सर्वांत वडील. ह्या मुलास झाडें, किडे व पांखरें गोळा करण्याचा मोठा नाद असे. त्यासाठीं शाळेंत कोणी बक्षीस देत नव्हतें किंवा घरीं कोणी शाबासकी देत नव्हतें. तरी शिवारांतील प्रत्येक कुंपणाखालीं तो वाकून पाही.

प्रथम त्यास शेतावर घातलें, परंतु ऊन बाधून अंगाची कातडी दुखूं लागली. म्हणून पिडिंग्टन गांवच्या क्लार्क निकल्स नांवाच्या जोडे शिवणाऱ्याजवळ त्यास उमेदवार ठेवलें. येथें एक गोष्ट घडली ती सांगितली पाहिजे, कारण संतांच्या चरित्रांतून अशा गोष्टी गाळण्याची आपणांस खोड असते. नाताळांत उमेदवार पोरें गिऱ्हाइकांकडून पोस्त मागत. एका लोखंडी सामानाच्या दुकानदारानें विल्यमला एक शिलिंग दिला, पण तो खोटा निघाला. विल्यमनें तो मालकाच्या पैशांत मिसळला, मालकाचा खरा शिलिंग आपण घेतला, आणि खोटें नाणें मालकाचेंच होतें असें सांगण्याचें मनांत ठरविलें. इतकेंच नव्हे, तर ही लबाडी पार पडावी म्हणून त्यानें देवाची प्रार्थनाहि केली! मालकानें चौकशीस माणूस पाठविला आणि सर्व उघडकीस आलें. पोरगा लाजेनें इतका खचला कीं कित्येक दिवस त्यास रस्त्यानें जाववेना.

वाचकहो, प्रथम त्यास उघडें पडण्याचें भय होतें, व त्या भयानें त्यास खरें बोलावयास नव्हे तर अधिक खोटें बोलावयास शिकविलें. बाहेरच्या भयानें मनुष्य पुष्कळदां चांगला होत नाहीं, केवळ सावध होतो. त्या लाजेनंतर मात्र त्याचें मन आंत वळलें. जॉन वॉर नांवाचा एक सोबती उमेदवार त्याच दुकानांत होता. त्याच्याशीं वादविवाद करतां करतां विल्यमला आपल्या अंतःकरणाची स्थिति दिसूं लागली व तो प्रभूस शरण गेला. ५ ऑक्टोबर १७८३ रोजीं नॉर्थॅम्प्टन येथें नदींत त्याचा बाप्तिस्मा झाला.

निकल्सच्या दुकानांत नव्या करारावरील टीकेचें एक पुस्तक होतें. त्यांत मधून मधून अनोळखी अक्षरांतील शब्द येत. तीं अक्षरें ग्रीक भाषेचीं होतीं. जोडे शिवणाऱ्या पोराला ग्रीकाशीं काय कर्तव्य? पण विल्यमनें तीं अक्षरें कागदावर उतरून घेतलीं, आणि आपल्या गांवीं एक शिकलेला विणकर होता त्याजकडून त्यांचा अर्थ विचारून घेऊं लागला. पुढें लॅटिन, हिब्रू, फ्रेंच, डच ह्या भाषा त्यानें अशाच, हातांत आरी असतां व शेजारीं पुस्तक उघडें असतां साधल्या. कोणतीहि परीक्षा द्यावयाची नव्हती, कीं पदवी मिळावयाची नव्हती.

१७८५ सालीं केरी मोल्टन गांवीं शाळा चालवूं लागले व तेथील लहान मंडळीची सेवाहि करूं लागले. प्राप्ति इतकी थोडी कीं जोडे शिवल्याशिवाय चूल पेटेना. त्या वेळीं कॅप्टन कुक ह्यांच्या समुद्रप्रवासाचें वर्णन त्यांच्या वाचनांत आलें. आपल्या कामाच्या खोलींत कागद चिकटवून त्यांनीं जगाचा एक मोठा नकाशा केला, व प्रत्येक देशावर तेथील लोकसंख्या आणि धर्म ह्यांची मिळेल ती माहिती लिहून ठेविली. टांका घालतां घालतां मान वर केली कीं दृष्टि त्या नकाशावर जाई. शुभवर्तमान न ऐकिलेल्या देशांचा भार असा हळूहळू त्यांच्या अंतःकरणावर बसला. केटरिंगच्या गॉच नांवाच्या व्यापाऱ्यास ते जोडे शिवून देत. त्यानें त्यांची ही तळमळ पाहिली, व जोडे शिवणें सोडून अभ्यास करावा म्हणून दर आठवड्यास १० शिलिंग देऊं केले. मदत मागून आली. तळमळ आधीं होती.

वडील पाळकांस हा विचार रुचला नाहीं. घरच्याच मंडळ्या अशक्त आहेत, पैसा नाहीं, दूरच्या देशांत जाणें शक्य नाहीं, असें ते म्हणत. केरींनीं वाद वाढविला नाहीं. त्यांनीं सर्व आंकडे व कारणें मांडून एक लहान पुस्तक लिहिलें. तें मे १७९२ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याच महिन्याच्या अखेरीस नॉटिंगहॅम येथें पाळकांच्या सभेंत त्यांनीं यशयाच्या ५४ व्या अध्यायावर उपदेश केला. दुसऱ्या दिवशीं सभा कांहीं न ठरवितां उठूं लागली, तेव्हां केरींनीं आपले मित्र अँड्र्यू फुलर ह्यांचा हात धरला व पुन्हा एकदां कांहीं न करतां घरीं जावयाचें काय, असें कळवळून विचारलें. अखेर २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग येथें एका विधवा बाईच्या घरीं मिशन सोसायटी स्थापन झाली. त्या दिवशीं १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स इतक्या वर्गणीचें वचन मिळालें.

आतां ह्या चरित्राचा दुःखद भाग येतो. केरींची पत्नी डॉरथी ही साधी खेडवळ बाई होती. लग्नाच्या नोंदींत तिनें सही ऐवजीं खूण केली होती. पतीच्या अंतःकरणांत जी हांक आली ती तिच्या अंतःकरणांत आली नव्हती. तिनें हिंदुस्थानास जाण्याचें नाकारिलें. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळें केरी व त्यांचे सोबती डॉक्टर जॉन टॉमस ह्यांस पहिल्या जहाजावरून उतरावें लागलें, तेव्हां ते पुन्हा तिजकडे आले. ती नुकतीच बाळंत झाली होती. तिनें पुन्हा नाहीं म्हटलें. मग टॉमस ह्यांनीं मागें फिरून तिला असें निकरानें बोलून भरीस पाडलें कीं, बहीण सोबत येईल तर येतें, असें ती म्हणाली. १३ जून १७९३ रोजीं चार मुलांसह सर्व जण डेन्मार्कच्या एका जहाजानें निघाले व नोव्हेंबरांत कलकत्त्यास पोहोंचले.

पैसा लवकर संपला. सुंदरबनांत जंगल तोडून कांहीं काळ काढला. १७९४ सालीं माल्दा भागांत मदनावती येथें निळीच्या कारखान्यावर त्यांस नोकरी मिळाली. त्याच वर्षीं पीटर नांवाचा पांच वर्षांचा मुलगा हगवणीनें मेला, आणि त्यास मूठमाती देण्यास माणसें मिळणेंहि कठीण झालें. डॉरथीचें मन ह्या सर्व भारानें भंगलें. तिला वेड लागलें, आणि १८०७ सालीं मरेपर्यंत तें गेलें नाहीं. केरी बाजूच्या खोलींत भाषांतर करीत, आणि दुसऱ्या खोलींत तिचा आक्रोश चाले.

ह्या ठिकाणीं आपण थांबून विचार करावा. केरींची हांक खरी होती ह्याविषयीं संशय नाहीं. परंतु एकाची आंतली हांक दुसऱ्यावर लादली तर ती त्याच्यासाठीं बाहेरचा दाबच होते. आपल्या मंडळ्यांतहि असें घडतें. उपदेशकाची पत्नी, त्याची मुलें ह्यांस न विचारतां त्यांच्याकडून त्याग करवून घेण्यांत येतो व त्यास भक्ति हें नांव देण्यांत येतें. केरींच्या थोरवीकडे पाहतांना डॉरथीस विसरूं नये.

मदनावतीस नोकरी लागतांच केरींनीं सोसायटीस कळविलें कीं आपणांस आतां खर्चास पैसे नकोत, ते दुसरीकडे लावावे. पगार मिळतो म्हणून ते सेवक नव्हते, तेव्हां पगार सोडल्यानें सेवा सुटली नाहीं. ते बंगाली शिकले, संस्कृत शिकले, नव्या कराराचें भाषांतर केलें, गांवोगांव उपदेश केला. आणि फळ? सात वर्षांत एकहि बंगाली मनुष्य बाप्तिस्म्यास आला नाहीं. विलायतेहून पत्र येण्यास महिनेच्या महिने लागत; काम पाहावयास कोणी वरिष्ठ नव्हता. त्यांनीं सर्व सोडून निळीचा व्यापार केला असता तर अडविणारा कोण होता? परंतु झरा वाहत राहिला.

१० जानेवारी १८०० रोजीं केरी श्रीरामपुरास आले. तें गांव त्या वेळीं डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत होतें, म्हणून तेथें कंपनीची आडकाठी नव्हती. तेथें मार्शमन व वॉर्ड हे दोन सोबती त्यांस मिळाले. त्या वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल नांवाच्या सुताराचा खांदा निखळला. टॉमस ह्यांनीं तो बसविला व त्यास शुभवर्तमान सांगितलें. कृष्णानें मिशनऱ्यांबरोबर उघडपणें भोजन केलें, तेव्हां जमावानें त्यास ओढीत न्यायाधीशाकडे नेलें. न्यायाधीशानें त्यास सोडून दिलें. कृष्णाला परत फिरविण्यास सारा गांव उभा होता. तरी २८ डिसेंबर १८०० रोजीं त्यानें हुगळी नदींत बाप्तिस्मा घेतला. ज्यांनीं आपल्या गांवांत पाणवठा व भावकी ह्यांचा रोष सोसला आहे त्या आमच्या वाचकांस कृष्णाच्या अंतःकरणांत काय होतें हें सांगावें लागणार नाहीं.

१८०१ सालीं बंगाली नवा करार छापून निघाला, आणि त्याच वर्षीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत केरी शिक्षक झाले. प्रथम दरमहा ५०० रुपये व पुढें १००० रुपये त्यांस मिळत. त्यांतील अगदीं थोडा भाग घरखर्चास ठेवून बाकी सर्व रक्कम ते श्रीरामपूरच्या सामाईक पेटींत टाकीत. बंगाली व संस्कृत ह्यांबरोबर आपल्या मराठी भाषेचे अध्यापकहि तेच होते. पंडित वैजनाथ ह्यांच्या मदतीनें त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण, १८१० सालीं मोडी अक्षरांत मराठीचा कोश, व १८११ सालीं मराठी नवा करार प्रसिद्ध केला. ज्यानें महाराष्ट्र कधीं पाहिला नाहीं अशा मनुष्यानें आमच्यासाठीं इतके श्रम केले! त्या भाषांतरांतील मराठी बरीच अवघडलेली होती, आणि १८२६ सालीं मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं नव्या कराराचें दुसरें भाषांतर काढिलें. तरी पहिली पायवाट पाडणाऱ्याचें ऋण राहतेंच.

एकदां गव्हर्नर-जनरलच्या पंगतींत कोणा अधिकाऱ्यानें केरींस हिणविण्यासाठीं, हे पूर्वीं जोडे करीत होते ना, असें विचारिलें. केरींनीं शांतपणें सांगितलें कीं आपण जोडे करणारे नव्हतों, केवळ फाटके जोडे सांधणारे होतों. ज्यास लोकांच्या मानावर जगावयाचें नसतें त्यास अपमानानें मारतां येत नाहीं.

११ मार्च १८१२ रोजीं संध्याकाळीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. केरी त्या दिवशीं कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मार्शमन ह्यांनीं जाऊन त्यांस ही वार्ता सांगितली. अनेक भाषांचे खिळे वितळून गेले, कागदाचे ढीग जळाले, आणि केरींच्या हातचें पुष्कळ लिखाण राख झालें. त्यांत संस्कृत व तिच्याशीं संबंध असलेल्या भाषांचा एक मोठा कोशहि होता. वर्षानुवर्षांचे श्रम एका रात्रींत गेले. केरींच्या डोळ्यांस पाणी आलें. त्यांनीं ही देवाच्या हातची शिक्षा समजून आपलें अंतःकरण तपासलें, आणि पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ केला. यंत्रें व खिळे पाडण्याचे सांचे वांचले होते. वितळलेल्या धातूचे नवे खिळे पाडून थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली. विलायतेंत बातमी पोहोंचल्यावर सुमारें दोन महिन्यांत सर्व नुकसान भरून निघेल इतका पैसा जमला. पण ध्यानांत ठेवा, तो पैसा येण्यापूर्वींच केरींनीं लेखणी उचलली होती.

पुढें निंदाहि वांट्यास आली. ज्या सोसायटीची स्थापना त्यांच्या तळमळीनें झाली तिच्याशीं मालमत्तेच्या कारभारावरून मतभेद वाढले व १८२७ सालीं श्रीरामपूर तिच्यापासून वेगळें झालें. १८२३ सालीं नदीच्या पुरानें त्यांची प्रिय बाग वाहून गेली, व त्याच सुमारास पडून त्यांच्या कमरेस मोठी दुखापत झाली. बरे होतांच त्यांनीं पुन्हा रोपें लाविलीं. डिसेंबर १८२९ मध्यें सतीची चाल बंद करणाऱ्या कायद्याचा कागद बंगालींत भाषांतर करण्यासाठीं त्यांजकडे आला. ती चाल त्यांनीं १७९९ सालीं डोळ्यांनीं पाहिली होती. दिवस रविवारचा होता. त्यांनीं उपासना दुसऱ्याकडे सोंपविली व संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरें केलें. कारण एका दिवसाचा उशीर झाला तरी कोणा विधवेचा प्राण जाईल असें त्यांस वाटलें. लवकर करा म्हणून त्यांस कोणी हुकूम केला नव्हता.

आपलें चरित्र कोणी लिहिलें तर आपणांस केवळ नेटानें चालत राहतां येतें इतकेंच श्रेय द्यावें, असें त्यांनीं आपल्या पुतण्यास सांगितलें होतें. अखेरच्या दुखण्यांत एक तरुण मिशनरी भेटीस आला असतां, माझ्या मागें माझ्याविषयीं बोलूं नका, माझ्या तारणाऱ्याविषयीं बोला, अशा अर्थाचें ते बोलले. ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपूर येथें त्यांनीं देह ठेविला. एकदां हिंदुस्थानास आल्यावर ४० वर्षांत ते मायदेशीं परत गेले नाहींत.

बंधूंनो, ही शक्ति कोठून आली? केरींचा स्वभाव चिवट होता हें खरें. पण नुसता चिवटपणा आगींत व निंदेंत इतका काळ टिकत नाहीं. रोज पहांटे उठून ते पवित्र शास्त्राचा एक अध्याय मूळ भाषेंत वाचीत, व बागेंत एकांतीं प्रार्थना करीत. झऱ्यांतहि गाळ बसतो, पानें पडतात, तोंड बुजतें. मग आपण ओरडूं लागतों कीं पाणी आटलें. पाणी आंत असतेंच; गाळ मात्र रोजच्या रोज काढावा लागतो.

तेव्हां प्रत्येक उपदेशकानें स्वतःस एक प्रश्न विचारावा. उद्यां तपासणी बंद झाली, पगार अर्धा झाला, वार्षिक सभेंत माझें नांव कोणी घेतलें नाहीं, तर माझ्या कामांतील किती काम उरेल? जें उरेल तेंच माझें खरें काम. आणि आईबापांनींहि विचार करावा. मुलास रविवारच्या शाळेंत छडीच्या भयानें किंवा खाऊच्या आशेनें आणणें सोपें आहे. पण छडी व खाऊ हीं दोन्ही एके दिवशीं संपतात. कुंपणाखालीं वाकून किडे पाहणाऱ्या त्या मुलाप्रमाणें आपल्या मुलाचें मन कशाकडे आपोआप वळतें तें पाहावें, आणि त्या वाटेवर त्यास देवाची ओळख करून द्यावी.

पावसाळ्याच्या रात्रीं कंदील घेऊन चिखलांतून दोन म्हाताऱ्यांसाठीं उपासना घ्यावयास जाणाऱ्या उपदेशका, तुझी ही फेरी कोणत्याहि अहवालांत येणार नाहीं. जा, तरी जा. त्या घरीं दिवा लावून दोघी तुझी वाट पाहत बसल्या आहेत.